पानावरचं पातळ रक्त

रात्रभर नाईलवरून वारा वाहत होता. पहाटे तो पडला आणि धुकं वर चढून केळीच्या बागांत बसलं. असल्या दिवशी ऊन उशिरा येतं, पण आलं की कडक येतं. पेरुसी नाइगागाला हे अंगानंच कळायचं. म्हणून ती उजाडायच्या आधीच अंगणात चटई टाकून रताळी सोलायला बसली होती. सोललेलं रताळं तळहातावर धरून सुरीनं पातळ काप पाडायचे, टोपली भरली की घरामागच्या काळ्या कातळावर नेऊन पसरायचे, दुपारी एकदा उलटायचे. ऊन चांगलं लागलं तर काप खुटखुटीत वाळतात, आणि शेतात काहीच नसतं त्या दिवसांत घर त्यावर निघतं.

रताळी हे तिचं घरचं काम झालं. गावाला ती ठाऊक होती तुंबडीसाठी. गाईची लहान लहान शिंगं, टोकाला बारीक भोक पाडलेली, धुरानं आणि हातानं काळी तुकतुकीत झालेली. बापाच्या बहिणीनं, म्हणजे तिच्या सेन्गानं, मरायच्या आधी ती झाडाच्या सालीच्या कापडात बांधून हिच्या मांडीवर ठेवली होती. तेव्हापासून बुसेंदा गावात कुणाची पाठ धरली, मान आखडली, गुडघा ठणकला, की माणूस सरळ नाइगागाच्या फणसाखाली येऊन बसायचा.

त्या दिवशी म्हातारा ताबिंग्वा बसला होता. शेजारचाच. पाठ दुखली तरी यायचा, नाही दुखली तरी यायचा.

“ब्लेड आणलं का?” नाइगागानं मान वर न करता विचारलं.

“आणलंय.”

“नवं?”

“न्हाई. माझ्या आज्यानं दाढी केल्यालं आणलंय.”

ती गालात हसली, पण कागदात गुंडाळलेलं ब्लेड उघडून नीट बघितल्याशिवाय तिनं त्याला पालथं पडू दिलं नाही. गावात बारीक होऊन माणसं मरायची साथ आली होती, तेव्हापासूनचा तिचा नेम होता: ज्याचं दुखणं त्याचं ब्लेड.

काम ती तसं देखणं करायची. जिभेखाली मेणाची गोळी ठेवायची, शिंगाचं रुंद तोंड दुखऱ्या जागी टेकवायचं, टोकाला ओठ लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि ओढता ओढताच जिभेनं मेण पुढं सारून भोक बंद करायचं. शिंग कातडीला असं चिकटायचं की माणूस उठून चालायला लागला तरी पडायचं नाही. मग ते काढून, फुगलेल्या जागी ब्लेडनं बारीक चिरा पाडायच्या आणि पुन्हा शिंग. थोड्या वेळानं आत साकळलेलं रक्त केळीच्या पानावर पालथं घालायचं.

पान वाचणं हा खरा भाग. सेन्गानं तिला शिकवलं होतं तसं ती वाचायची. काळं, घट्ट, खाटकाकडच्या काळजासारखं थरथरणारं रक्त आलं, तर ते वाईट रक्त. ते सांध्यात बसून दुखवतं. पुढच्या वेळी थोडं सैल येतं, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. पातळ, लाल रक्त यायला लागलं की समजायचं, घाण निघाली, आता खालचं चांगलं लागलं. विहीर उपसताना आधी गाळ येतो, मग स्वच्छ पाणी. तसंच.

ताबिंग्वाच्या पानावर नेहमीसारखा घट्ट गोळा पडला. “बगा,” ती म्हणाली, “तुमच्यात अजून दहा म्हाताऱ्यांचा गाळ हाय.”

“असू दे की. पुन्हा यायला निमित्त पायजे.”

हे चाललं होतं तेव्हा नाम्वासे, नाइगागाच्या लेकीची पोर, दारात गुडघा धरून बसली होती. दुसरीत होती. काटकुळे हातपाय, पुढं आलेलं पोट, आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिकल्या पपईच्या सालीसारखा पिवळसर. तिची आई मुतेसी पलीकडच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत, ऊसतोडणीवाल्यांच्या स्वयंपाकघरात कामाला होती. चार बायकांत एक खोली. बाप सरोवराच्या बेटांवर मासेमारीला गेला होता, तो तिकडचाच झाला. म्हणून पोर आजीकडं. आजीलाही तीच एक. मुतेसीच्या पाठची आजीची स्वतःची दोन लेकरं रांगायच्या वयात हातपाय सुजून गेली होती. तेव्हापासून त्या घरात लहान माणूस असं हेच.

नाम्वासेला दुखायचं. कधी गुडघा, कधी कंबर, कधी दंडातलं हाड. दुखायला लागलं की पोर ओरडायचीसुद्धा नाही, नुसती आखडून जायची. मग आजी शिंग काढायची. एकदोन दिवसांत दुखणं उतरायचं. ते आपल्या वेळेनं उतरायचंच, पण नाव शिंगाचं व्हायचं. आणि आजी पान वाचायची. पहिल्या पहिल्यांदा रक्त बरं घट्ट यायचं. मग सैल. गेल्या सुगीपासून तर इतकं पातळ आणि फिकं यायला लागलं होतं की पानावरून ओघळ धरून वाहायचं. नाइगागानं ते पान ताबिंग्वाला मुद्दाम दाखवलं होतं. म्हणाली होती, पोरीतली सगळी घाण संपत आली, आता हिला बरं वाटणार.

आदल्या संध्याकाळीच तिनं पोरीच्या मांडीला शिंग लावलं होतं. रक्त पाण्यासारखं आलं होतं, आणि ती समाधानानं झोपली होती.

ऊन आलं. नाइगागानं मोठी टोपली डोक्यावर घेतली. पोर म्हणाली, मी पण नेते, आणि छोटी टोपली घेऊन मागं निघाली. कातळ काही लांब नव्हता. पण अर्ध्या वाटेत पोर थांबली, टोपली खाली ठेवली आणि त्या टोपलीवरच कलंडली. आजीनं वळून बघितलं तर ओठ राखेच्या रंगाचे, आणि गळ्याखालची शीर चिमणीच्या छातीसारखी उडत होती.

ताबिंग्वाचा नातू बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, चालवायचा. आजी, मधे पोर आणि पुढं तो, अशी मोटारसायकल फाट्यावरच्या दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टर लोविसानं पोरीची खालची पापणी ओढून बघितली आणि तडक जिंजा शहरातल्या हॉस्पिटलच्या गाडीला फोन लावला. जिंजाच्या मोठ्या हॉस्पिटलात नाम्वासेला रक्त चढवलं. पिशवीतलं रक्त नळीतून थेंब थेंब उतरत होतं आणि नाइगागा खाटेच्या कडेला जमिनीवर बसून ते बघत होती. गडद, घट्ट, काळपट लाल. तिच्या पानावर पडलं असतं तर तिनं त्याला वाईट म्हटलं असतं.

पोरीच्या ओठांना रंग आला तसा तिला घाम फुटला. 

हॉस्पिटलातून सोडल्यावर पुढचं सगळं फाट्यावरच्या दवाखान्यात बघायचं ठरलं. मुतेसी रजा टाकून आली होती. लोविसानं दोघींना आत बसवलं. ती तिथल्याच एका गावची, बोलायला सावकाश. तिनं आधी काचेची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि नाइगागाला डोळा लावायला सांगितलं. आजीला बराच वेळ स्वतःच्या पापण्यांचेच केस दिसले. मग दिसलं. फिकट गुलाबी गोल गोल चकत्या, आणि मधेच काही लांबट, वाकड्या, दोन्हीकडं टोक असलेल्या.

“सगळे म्हणतात विळ्यासारख्या दिसतात,” लोविसा म्हणाली. “म्हणून या आजाराला सिकलसेल म्हणतात.”

“विळा कुठला,” नाइगागा डोळा न काढता म्हणाली. “माझं शिंग हाय हे.”

मग लोविसानं तिला समजेल असं सांगितलं. रक्तातल्या या चकत्या गोल आणि मऊ असतात, म्हणून बारीकातल्या बारीक नळीतून वाकून जातात. नाम्वासेच्या तशा नाहीत. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, की त्या ताठ होतात, वाकड्या होतात. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या मोळ्या अरुंद पुलावर आडव्या अडकतात तशा अडकतात. पुढं रक्त जात नाही. जिथं जात नाही तिथं दुखतं. दुखतं ते वाईट रक्त साचलं म्हणून नाही, रक्त पोचत नाही म्हणून. आणि असल्या वाकड्या चकत्या टिकत पण नाहीत, लवकर फुटतात. म्हणून डोळे पिवळे, आणि म्हणून रक्त नेहमीच कमी.

“तिच्यात मुळातच कमी आहे, माय,” ती म्हणाली. “पातळ येत होतं ते घाण संपली म्हणून नाही. रक्तच संपत आलं होतं.”

नाइगागानं डोळा काढला. तिनं टेबलावरच्या सुईकडं बघितलं. मग तिचा नेहमीचा आवाज आला, जरा जास्तच वर चढलेला. “तुमीबी काढलंच की रक्त. सुईनं काढलं की औषध, अन् शिंगानं काढलं की पाप व्हय?”

“आम्ही थेंबभर काढलं, बघायला,” लोविसा म्हणाली. “आणि पिशवीभर घातलं.”



मुतेसीच्या सासूनं गावभर सांगून ठेवलं होतं की हे दुखणं नाइगागाच्या कुळातून आलं, सुनेनं आणलं. मुतेसीनं ते विचारलं. लोविसानं सांगितलं की अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. दोन्ही अर्धी जुळली तरच आजार. एकच अर्धं असलेलं माणूस धडधाकट असतं, त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. या नदीकाठाला असली अर्धी माणसं घरोघरी आहेत. मग तिनं नाइगागाला विचारलं की घरात आणखी कुणी लेकरू गेलं का, आणि कशानं. नाइगागानं सांगितलं. हातपाय सुजून, डोळे पिवळे होऊन. सांगता सांगताच तिला कळलं आणि ती कमरपट्ट्याच्या गाठीशी चाळा करत बसली. इतकी वर्षं तिनं त्या मरणाचा आळ सवतीच्या करणीवर ठेवला होता. सवतही आता उरली नव्हती.

बाहेर ओट्यावर आल्यावर मुतेसीनं आईपुढं गुडघे टेकले. त्या मुलखात मोठ्याशी बोलायचं तर बाईमाणसानं गुडघे टेकूनच, आणि मुतेसी कितीही रागात असली तरी ती रीत सोडायची नाही. गुडघ्यावर बसून, मान खाली घालून ती म्हणाली, “आये, मी पोरीला घेऊन चालले.”

“नेशील. ठेवशील कुठं? खाटंखाली?”

“खाटंखाली ठेवीन. तिथं निदान ब्लेड तरी न्हाई.”

ओट्यावर रांगेत बसलेल्या बायकांनी माना दुसरीकडं वळवल्या. नाम्वासे मधे उभी होती. ती एकदा आईकडं बघायची, एकदा आजीकडं, आणि हातातलं बिस्किट खायचं की नाही ते तिला कळत नव्हतं.

मार्ग लोविसानंच काढला. कारखान्याचा गाळप हंगाम चालू आहे, मुतेसी पहाटे जाते ती रात्री परतते, पोरीला पाणी कोण पाजणार, गोळी कोण देणार? हंगाम संपेपर्यंत पोर आजीकडं राहू दे. काय करायचं ते मी आजीला शिकवते. मुतेसी कबूल झाली, पण तिनं आईला बजावलं. तोवर पोरीच्या अंगावर एक जरी नवी चीर दिसली, तर ती पोरीला नेईल आणि त्या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि ती शिंगं नदीत टाकून दे, असंही म्हणाली.

“शिंगं माझी न्हाईत टाकायला,” नाइगागा म्हणाली. “सेन्गाची हायेत. पण पोरीला लावणार न्हाई.”

“बगू,” मुतेसी म्हणाली, आणि उठून कारखान्याच्या गाडीकडं गेली.

त्यानंतरच्या दिवसांत नाइगागाच्या घरात एक पिवळा कॅन सदा भरलेला असायचा, उकळून गार केलेल्या पाण्यानं. पोर खेळत असो, अभ्यास करत असो, आजी पेला घेऊन मागं. रोजची बारीक गोळी, मच्छरदाणी कडेनं गादीखाली खोचलेली, सकाळी शाळेत जाताना लोकरीचा स्वेटर. पोरं नाम्वासेला चिडवायची, की तुझी आजी तुला दुकानात विकायला ठेवणार, म्हणून गुंडाळून ठेवते. पोर रडत घरी आली तर आजीनं रडणं ऐकून घेतलं आणि वर आणखी एक पेला पाणी दिलं.

शिंगं वर आढ्याला टांगलेली होती. ताबिंग्वासाठी ती निघायची, त्याच्यासारख्या जुन्या पाठींसाठी निघायची. पण लेकरांना ती आता शिंग लावत नव्हती. कुणी कडेवर पोर घेऊन आली की नाइगागा त्याची खालची पापणी ओढून बघायची आणि फाट्याचा रस्ता दाखवायची. काही बाया रागावल्या. एक म्हणाली, दवाखान्यानं हिला पगार लावलाय. ताबिंग्वाची पापणीसुद्धा तिनं एकदा ओढली, तर तो म्हणाला, “नवरा बगायला आलीस का बैलाचा सौदा करायला?”

हंगाम संपत आला होता तेव्हा ढगाळ, गार दिवस लागले. शाळेतून येताना नाम्वासे दुसऱ्या पोरींबरोबर पाणथळीत उतरली, स्वेटर काठावर काढून ठेवून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. दोन्ही मांड्या धरून, दात आवळून पडली होती.

नाइगागानं लोविसानं सांगितलं तसं सगळं केलं. दुखण्याची गोळी दिली, कोमट पाणी घोट घोट पाजलं, चुलीवर वाळू तापवून फडक्यात बांधली आणि शेकत बसली. पण दुखणं मोठं होतं. पोर मधेच डोळे उघडून आजीला म्हणाली, “जाजा, शिंग लाव ना.”

आजी शेकत राहिली.

“लाव ना जाजा. एकदाच. मी आईला सांगणार न्हाई.”

ताबिंग्वा दारात उभा होता. तो माणूस वाईट नव्हता. पोरीचं तोंड बघवेना म्हणून हळूच म्हणाला, की चिरा नको पाडू, नुसतं लाव, नायतर एक बारकीशी पाड, कोण बघतंय. नाइगागा उठली, आढ्याची पिशवी काढली आणि गाठ सोडली. लहान शिंग तिच्या हातात आपोआप आलं. मेणाची गोळी जिभेखाली गेली. हाताला सवयच ती. पोरीनं ते बघितलं आणि तिचा श्वास तेवढ्यानंच जरा सैल झाला, मांडी पुढं केली.

नाइगागा तशीच उभी राहिली. मग तिनं मेण थुंकलं.

तिनं शिंग पोरीच्या मुठीत दिलं आणि वरून आपली मूठ आवळली. म्हणाली, “हे धर. घट्ट धर. जितकं दुकंल तितकं दाब. ते मोडत न्हाई.” आणि कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं. ताप आला तर घरी बसायचं नाही, हे लोविसानं तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं. तिनं ताबिंग्वाला सांगितलं, नातवाला बोलवा. निघताना तिला आठवलं की कालचे काप कातळावर तसेच पडलेत. पण बोडा सुरू झाला होता.

लोविसानं सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, कारखान्यात निरोप धाडला. दुपारी मुतेसी आली ती हाताला पिठाचे डाग तसेच घेऊन. खाटेजवळ येऊन तिनं आधी पोरीचं तोंड बघितलं. मग पोरीची मूठ. मुठीतून शिंगाचं काळं टोक बाहेर आलं होतं.

मुतेसी त्या दिवशी गुडघे टेकायचं विसरली. तिनं पोरीवरची चादर काढली, झगा वर केला. मांड्या बघितल्या. पालथी करून कंबर बघितली, पाठ बघितली. दंडांवरून बोटं फिरवली, जशी धान्यात खडा शोधावा तशी. जुन्या चिरांचे बारीक काळे वण होते, ओळीनं. एकही ताजी नव्हती. नाइगागा भिंतीला टेकून उभी होती.

“मीच मागितलं, आये,” नाम्वासे झोपेत असल्यासारखी म्हणाली. “जाजानं लावलं न्हाई. नुसतं धरायला दिलं.”

मुतेसीनं झगा खाली ओढला, चादर नीट केली. शिंग पोरीच्या मुठीतून काढायला गेली, तर पोरीनं ते सोडलं नाही. मग तिनंही राहू दिलं. ती खाटेच्या कडेला टेकली आणि सलाईनचे थेंब बघायला लागली. पुढच्या आठवड्यात गाळप हंगाम संपणार होता आणि पोरीला आजीकडं ठेवायची मुदतही, ते सगळ्यांना ठाऊक होतं. नाइगागा त्याचीच वाट बघत होती, जसा माणूस निकालाची बघतो.

शेवटी मुतेसी वळली. आता मात्र ती आईपुढं रीतसर गुडघ्यांवर बसली. “पोर राहू दे तुझ्यापाशीच, मी येईन दर रविवारी,” ती म्हणाली. “गोळ्या संपायच्या आधी निरोप धाडत जा. अन् पोरीला दुसरा स्वेटर आणते, हा भिजलाय.”

नाइगागानं मान हलवली. मग खिडकीतून बाहेर बघितलं. नदीच्या बाजूनं ढग काळे होऊन वर येत होते.

“तू बस हिच्यापाशी,” ती म्हणाली. “माझे काप कातळावर हायेत. भिजले तर काळे पडतील.”

ती घरी पोचली तेव्हा ताबिंग्वा आपली दुखरी पाठ घेऊन कातळावर ओणवा होऊन काप गोळा करत होता, आणि अर्ध्याहून जास्त चुकीच्या टोपलीत भरत होता. ओले इकडं, सुके तिकडं, एवढं पण कळत नाही का, म्हणून तिनं त्याला बाजूला सारलं, झगा वर खोचला आणि खाली बसून एक एक काप बोटांनी दाबून निवडायला लागली.